लहान मोटार : पेट्रोलची कीं डिझेलची ?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडून पुढें गेली म्हणजे आंबिवलीचें स्टेशन लागतें. येथील नोकरदार गृहस्थ सकाळीं लोकल गांठतो आणि रात्रीं लोकलनेंच परत येतो. त्याच्या दारांत मोटार असली तर ती सहा दिवस उभी असते. रविवारीं टिटवाळ्याच्या गणपतीला, सणावारीं गांवीं, एवढाच तिचा प्रवास. याच आंबिवलींत दुसराहि एक गृहस्थ राहतो. तो भाड्याची मोटार चालवितो. त्याची गाडी ज्या दिवशीं उभी राहील त्या दिवशीं घरांत पैसा येत नाहीं. मोटार विकत घेण्याची वेळ आली कीं या दोघांपुढें एकच प्रश्न पडतो : पेट्रोलची घ्यावी कीं डिझेलची ? जवळजवळ पंचवीस वर्षें हा वाद शहरांतील घराघरांतून रंगला होता. त्याचा इतिहास शोधूं गेल्यास त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण आंबिवलीपासून फारसें दूर नाहीं, डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यालगतच घडलें, असें आढळून येतें.

प्रथम या दोन इंजिनांची ओळख करून घेणें इष्ट होईल. दोहोंचें मूळ तत्त्व एकच. बंद नळकांड्यांत इंधन जाळावयाचें, त्याच्या फुगणाऱ्या धुरानें दट्ट्या ढकलावयाचा, आणि दट्ट्याच्या हालचालीनें चाकें फिरवावयाचीं. भेद आहे तो आग लावण्याच्या रीतींत. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण घेऊन तें मूळ आकाराच्या आठव्या-नवव्या हिश्शापर्यंत दाबीत, आणि मग विजेच्या ठिणगीनें पेटवीत. याहून फार अधिक दाबलें तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहतां अवेळीं पेट घेतें आणि इंजिन ठोके देऊं लागतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहींच. तेथें नुसती हवा घेतात आणि ती विसाव्या-बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतात. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक हाताला चटका देतें, हें ज्यानें अनुभवलें आहे त्याला पुढील गोष्ट सहज समजेल. इतकी दाबलेली हवा पांचशें-सहाशें अंशांच्या घरांत तापते, आणि त्या क्षणीं डिझेलचा बारीक फवारा आंत सोडला कीं तो आपोआप पेटतो.

दाब जितका अधिक, तितकें त्याच इंधनांतून अधिक काम निघतें. शिवाय डिझेल हें पेट्रोलपेक्षां जड तेल असल्यामुळें त्याच्या एका लिटरांत उष्णता सुमारें दहाव्या हिश्शानें अधिक सांठविलेली असते. या दोन कारणांनीं डिझेलची गाडी एका लिटरांत पेट्रोलच्या गाडीपेक्षां बरेंच अधिक अंतर काटते. परंतु या गुणाची किंमत द्यावी लागते. एवढा दाब सोसावयाचा म्हणजे इंजिनाचें अंग जाड व जड पाहिजे. फवारा सोडणारा पंप घड्याळासारखा नेमका पाहिजे. आणि इंधन एकदम पेटत असल्यामुळें जो खडखडाट होतो तो सोसण्याची बैठकींतील मंडळींची तयारी पाहिजे. म्हणून डिझेलचें इंजिन महाग, जड व बोलकें. पेट्रोलचें स्वस्त, हलकें व शांत. वादाचें बीज एवढेंच आहे.

जर्मनींत निकोलस ऑटो यानें ठिणगीचें चौफेरी इंजिन १८७६ मध्यें चालवून दाखविलें. रुडॉल्फ डिझेल याला आपल्या कल्पनेचें पेटंट १८९३ मध्यें मिळालें, आणि १८९७ मध्यें ऑग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी झालें. त्या इंजिनानें इंधनांतील उष्णतेचा शेंकडा २६ भाग कामास लावला. वाफेचीं इंजिनें त्या वेळीं याच्या निम्म्यापर्यंतहि क्वचितच पोंचत. डिझेल स्वतः १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बोटीवरून नाहींसा झाला. परंतु त्याचें इंजिन जहाजांत, गिरण्यांत आणि वीजघरांत स्थिर झालें. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या तें परिचयाचें झालें तें विहिरीवरील पंपामुळें. १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या इंजिनांची टुकटुक गांवोगांवच्या मळ्यांतून ऐकूं येऊं लागली. डिझेल हें शेतकऱ्याचें आणि मालवाहू गाडीचें तेल, ही समजूत तेव्हांपासून दृढ झाली. सरकारच्या पुढील धोरणांत तिचा मोठा हात आहे.

मोटारींत शिरावयास मात्र डिझेलला वेळ लागला. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांतून फवाऱ्याचा भरंवशाचा पंप १९२७ मध्यें बाहेर पडला, आणि १९३६ मध्यें मर्सिडीझ कंपनीनें डिझेलची पहिली प्रसिद्ध मोटार विक्रीस काढली. तिचें इंजिन २·६ लिटरचें असून शक्ति अवघी ४५ अश्वांची होती. श्रीमंतांपेक्षां जर्मनीच्या टॅक्सीवाल्यांनाच ती अधिक आवडली. लहान मोटारींत एवढें जड इंजिन बसवावें कसें, हा प्रश्न आणखी तीस वर्षें राहिला. तो फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें १९६८ मध्यें १२५५ घन सेंटिमीटरचें इंजिन करून बराचसा सोडविला. १९७३ मध्यें तेलाचे भाव भडकले, आणि १९७६ मध्यें फोक्सवागेन कंपनीनें आपल्या लहान गोल्फ गाडींत दीड लिटरचें डिझेल इंजिन घातलें. युरोपांतील मध्यमवर्गानें तें उचलून धरलें.

आतां मुंबईकडे वळावें. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ मध्यें तिची पहिली गाडी बाहेर पडली. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. त्यांतून जी लहान मोटार निघाली तीच १९७० नंतरच्या दशकांत प्रीमिअर पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचें पेट्रोलचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें होतें. काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची हीच गाडी मुंबईची टॅक्सी झाली. डिझेलची मोटार त्या काळीं भारतांत जवळजवळ नव्हतीच. कलकत्त्याच्या हिंदुस्थान मोटर्सनें १९८० च्या सुमारास अँबॅसडरमध्यें डिझेलचें इंजिन घातलें, पण ती कांहीं लहान मोटार नव्हे.

१९९१ मध्यें आर्थिक धोरण बदललें, १९९३ मध्यें मोटारींच्या कारखान्यांवरील परवान्याचें बंधन उठलें, आणि परदेशी कंपन्या भागीदार शोधूं लागल्या. प्रीमिअरनें प्यूजोशीं हातमिळवणी केली. कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यांतून १९९४ च्या सुमारास प्यूजो ३०९ ही मोटार निघूं लागली. या गाडीचें वैशिष्ट्य असें कीं एकाच अंगांत दोन प्रकारचीं इंजिनें मिळत. पेट्रोलचें इंजिन १३६० घन सेंटिमीटरचें व ७५ अश्वशक्तीचें. डिझेलचें १५२७ घन सेंटिमीटरचें, म्हणजे आकारानें मोठें, पण शक्ति मात्र ५८ च. बाहेरून पाहतां दोघी जुळ्या बहिणी. पेट्रोलची गाडी घाट झपाट्यानें चढे आणि आंत बसणाऱ्यास इंजिन चालूं आहे कीं बंद, याचा पत्ता लागूं देत नसे. डिझेलची गाडी सकाळीं सुरू करतांना तारेचा प्लग तापेपर्यंत क्षणभर थांबावें लागे, आणि मग तिचा आवाज साऱ्या चाळीला कळे. तरीहि गिऱ्हाइकाचें मन डिझेलकडेच ओढ घेई. याचें कारण पंपावरील भावांत होतें.

त्या वर्षांत डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता. हा फरक तेलाच्या शुद्धीकरणांतून आलेला नव्हता. एस. टी. ची बस, मालाची गाडी, शेतावरील पंप व ट्रॅक्टर डिझेलवर चालत ; डिझेल महागलें तर भाजी, धान्य व प्रवास सर्वच महागेल, म्हणून सरकार त्याचा भाव खालीं धरी. पेट्रोल हें मोटारवाल्यांचें तेल मानून त्यावर कर चढवी. शेतकऱ्यासाठीं स्वस्त ठेवलेल्या तेलावर शहरांतील गृहस्थहि आपली मोटार चालवूं शकेल, ही गोष्ट लहान डिझेल मोटार निघेपर्यंत फारशी कोणाच्या लक्षांत आली नव्हती.

हिशेब समजण्यासाठीं गोल आकडे घ्यावे. पेट्रोल वीस रुपये लिटर आणि गाडी लिटरला बारा किलोमीटर चालते, तर एका किलोमीटरास एक रुपया सदुसष्ट पैसे पडतात. डिझेल दहा रुपये आणि गाडी अठरा किलोमीटर चालते, तर छप्पन्न पैसे पडतात. दर किलोमीटरास एक रुपया अकरा पैसे वांचले. डिझेलची गाडी साठ हजारांनीं महाग असली तर तो जादा पैसा भरून निघण्यास सुमारें चौपन्न हजार किलोमीटर चाललें पाहिजे. आंबिवलीच्या भाडोत्री मोटारवाल्याची गाडी दिवसाला दीडशें किलोमीटर या मानानें वर्षांत पंचेचाळीस हजार धांवते. त्याचा पैसा चौदा-पंधरा महिन्यांत वसूल होतो, आणि पुढचा सारा नफा. लोकलनें कामावर जाणाऱ्या गृहस्थाची गाडी वर्षाला तीन हजार धांवते. त्याला अठरा वर्षें लागतील. तोंवर गाडी भंगारांत गेलेली असेल ! असें असूनहि पुष्कळ गृहस्थांनीं डिझेलचीच मोटार घेतली. पंपावर दहा रुपये वांचलेले डोळ्यांना दिसतात. दुकानांत दिलेले साठ हजार एकदां दिले कीं विसरले जातात.

डोंबिवलीच्या त्या प्रयोगाचें आयुष्य थोडें ठरलें. कारखान्यांत कामगार व व्यवस्थापक यांत तंटा उद्भवला, दोन्ही भागीदारांचें जमेना, आणि १९९७ मध्यें प्यूजो कंपनीनें अंग काढून घेतलें. कुर्ल्यास फियाट ऊनो या एक लिटरच्या पेट्रोल मोटारीची हीच गत झाली. १९९६ मध्यें तिच्यासाठीं दोन लाखांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं होतीं. परंतु संपामुळें गाड्या वेळेवर हातीं पडल्या नाहींत, आणि लोक नाराज झाले. एका कारखान्यांत डिझेल होतें, दुसऱ्यांत पेट्रोल. दोन्ही इंजिनें आपापल्या परीनें चांगलीं होतीं. तरीहि यंत्रामागील माणसांत एकोपा नसेल तर यंत्राचा गुण फुकट जातो, हें कल्याण-डोंबिवलीच्या शेंकडों घरांना आपल्या रोजगाराच्या किंमतीवर शिकावें लागलें. आंबिवलीलाहि हा अनुभव चुकला नाहीं. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना २००९ मध्यें बंद पडला. तेथेंहि भोंगा थांबल्यावर घरांचा हिशेब कसा विसकटतो हें लोकांनीं पाहिलें.

इतिहासाचा विनोद असा कीं कारखाना बंद पडला, पण तेथील डिझेल इंजिनाचें नांव मागें उरलें. १९९८ मध्यें मारुतीनें आपल्या झेन या लहान मोटारींत तेंच प्यूजोचें १५२७ घन सेंटिमीटरचें इंजिन घातलें. झेनचें पेट्रोल इंजिन ९९३ घन सेंटिमीटरचें व ५० अश्वशक्तीचें होतें. म्हणजे आठ अश्व अधिक मिळविण्यासाठीं दीडपटीहून मोठें इंजिन लहानशा नाकांत कोंबावें लागलें. दोन इंजिनांतील भेद याहून स्पष्ट करून सांगणारें उदाहरण सांपडणें कठीण.

त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्यानें इंडिका बाहेर काढली. ती भारतांत आराखडा केलेली लहान मोटार असून तिचें इंजिन १४०५ घन सेंटिमीटरचें होतें. पेट्रोल व डिझेल दोन्ही प्रकार मिळत, पण लोकांनीं उचलून धरली ती डिझेलची. प्रवासी नेणाऱ्या धंदेवाइकांनीं तर तिला आपलीच मानलें. प्रीमिअरनेंहि पद्मिनींत १३६६ घन सेंटिमीटरचें इटालियन डिझेल इंजिन घालून पाहिलें, आणि मुंबईच्या पुष्कळ जुन्या टॅक्सींत डिझेलचीं इंजिनें बसलीं. टॅक्सीवाल्याची बचत झाली खरी. पण त्या बचतीचा धूर शहरानें गिळला. डिझेल नीट जळलें नाहीं तर बारीक काजळी सुटते, आणि उंच तापमानांत हवेंतील नायट्रोजन जळून विषारी वायु होतात. धुराचा त्रास सोसणाऱ्या नागरिकांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. १९९९ पासून न्यायालयानें जे आदेश दिले त्यांमुळें जुन्या टॅक्सी हटल्या, आणि बाकीच्या नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या.

येथें यंत्रशास्त्राचा एक मुद्दा ध्यानांत घेण्याजोगा आहे. नैसर्गिक वायु नुसत्या दाबानें सहजासहजीं पेटत नाहीं. त्याला ठिणगी लागते. म्हणून थोडा फेरफार करून तो पेट्रोलच्या इंजिनांत जाळतां येतो, डिझेलच्या इंजिनांत तो तसाच जाळतां येत नाहीं. ज्या टॅक्सीवाल्यांच्या बळावर डिझेलची सरशी झाली होती, तेच स्वस्त वायूच्या मागें पुनः ठिणगीच्या इंजिनाकडे वळले. पद्मिनी टॅक्सीनें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. शेवटच्या गाडीची नोंद २००३ मधली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची आहे.

तथापि घरगुती मोटारींत डिझेलचा सुकाळ अजून यावयाचा होता. २००६ च्या अंदाजपत्रकांत लहान मोटारींना करांत सवलत मिळाली, आणि तींत लहान मोटारीची व्याख्याच दुहेरी झाली : लांबी चार मीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० घन सेंटिमीटरपर्यंत, डिझेलचें असल्यास १५०० पर्यंत. प्रीमिअरनें २००९ मध्यें रिओ ही गाडी काढली तेव्हां तिच्यांत प्यूजोचेंच जुनें इंजिन होतें, पण तें १४८९ घन सेंटिमीटरचें, म्हणजे या मर्यादेंत अचूक बसणारें. दरम्यान फवाऱ्याची कलाहि सुधारली होती. फियाटचें १२४८ घन सेंटिमीटरचें नवें डिझेल इंजिन रांजणगांवच्या कारखान्यांतहि तयार होऊं लागलें. मारुतीनें त्याच जातीचें इंजिन २००७ पासून स्विफ्टमध्यें घातलें. तें शांत होतें, चपळ होतें आणि तेलहि थोडें पीत असे.

२०१० च्या जूनमध्यें सरकारनें पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, डिझेलचा मात्र हातीं ठेवला. परिणामीं २०१२ च्या मे महिन्यांत मुंबईंत पेट्रोल ७८ रुपयांच्या पुढें गेलें, तर डिझेल ४५ च्या आसपास होतें. त्या वर्षीं देशांत विकल्या गेलेल्या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ज्या गृहस्थाची गाडी आठवड्यांत एकदांच हालते त्यानेंहि डिझेलची गाडी घेतली. त्याच जूनमध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो असा निर्वाळा दिला. स्वस्त तेलाचा जो भाग खिशांतून जात नव्हता, तो सरकारी तिजोरींतून आणि रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांच्या फुप्फुसांतून जात होता.

हें पारडें उलटावयास मग फार दिवस लागले नाहींत. २०१३ पासून डिझेलचा भाव थोडाथोडा वाढवीत २०१४ च्या ऑक्टोबरांत तोहि बाजारावर सोडण्यांत आला. २०१५ मध्यें फोक्सवागेन कंपनीनें अमेरिकेंत धुराच्या चांचणींत लबाडी केल्याचें उघडकीस आलें आणि ‘स्वच्छ डिझेल’ या शब्दावरचा जगाचा विश्वास उडाला. शेवटीं १ एप्रिल २०२० पासून भारतांत धुराचे सहाव्या टप्प्याचे कडक नियम लागू झाले. ते पाळावयाचे तर डिझेल गाडीला काजळीची गाळणी व वायु शुद्ध करणारीं उपकरणें लावावीं लागतात. मोठ्या गाडीच्या किंमतींत हा खर्च मुरून जातो. लहान गाडीला तो पेलत नाहीं. त्यांतून काजळीची गाळणी साफ राहण्यासाठीं गाडी मधून मधून लांबवर, चांगली तापवून चालवावी लागते. केवळ टिटवाळ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. त्याच दिवसापासून मारुतीनें डिझेल मोटारी बंद केल्या, आणि इतरांनींहि बहुतेक लहान मोटारींतून तें इंजिन काढून टाकलें.

२०२४ च्या मार्चमध्यें मुंबईंत पेट्रोल सुमारें १०४ व डिझेल सुमारें ९२ रुपये होतें. पूर्वीचाच हिशेब पुनः मांडावा. पेट्रोलची गाडी लिटरला अठरा आणि डिझेलची तेवीस किलोमीटर चालली, तर बचत किलोमीटरास पावणेदोन रुपयांच्या किंचित् वर. डिझेलच्या गाडीला सव्वा लाख अधिक मोजले असतील तर ते परत मिळण्यास सत्तर हजार किलोमीटर लागतात. आंबिवलीच्या रविवारच्या गाडीला त्यासाठीं तेवीस वर्षें धांवावें लागेल. भाडोत्री मोटारवाल्याचे पैसे दीड वर्षांत निघतीलहि. परंतु त्याच्यासाठीं वायूचा पंप अधिक स्वस्त ठरतो.

डिझेलच्या इंजिनाचा यांत कांहीं दोष नाहीं. जेथें ओझें मोठें आणि वाट लांब तेथें तें आजहि मालाच्या गाड्या, बसेस व ट्रॅक्टर ओढीत आहे. लहान मोटारींत तें आलें तें मुख्यतः दोन भावांतील अंतराच्या बळावर, आणि तें अंतर सरकारनें शेतकऱ्यासाठीं राखलें होतें. अंतर घटलें, धुराचा खर्च गाडीच्या किंमतींत धरला गेला, आणि पेट्रोलचें इंजिन आपल्या जुन्या जागीं परत आलें.

विजेच्या मोटारी आतां रस्त्यावर दिसूं लागल्या आहेत, आणि उद्यां आंबिवलीचा गृहस्थ त्यांच्याविषयींहि हेंच विचारील. दुकानांतील किंमत, पंपावरील भाव आणि वर्षाचे किलोमीटर हे तीन आंकडे त्यानें पाटीवर मांडावे. त्यांतील भाव आजच्यासारखाच राहील कीं सरकारनें कांहीं हेतूनें तूर्त खालीं धरलेला आहे, हेंहि विचारावें. गाडी पंधरा वर्षें वापरावयाची असते. भाव मात्र एका रात्रींत बदलतो.